हातमोजे रिपोर्ट पाहून घालायचे नसतात

राज्यातल्या परिचर्या महाविद्यालयांचे प्राचार्य, अध्यापक आणि रुग्णालयांच्या मेट्रनबाई यांना खुले पत्र



आपल्या हाताखालून गेलेली मुलगी परीक्षेत एचआयव्हीच्या विषाणूची आकृती सुबक काढते. बाहेरचं आवरण, त्यावरचं जीपी-१२०, आत आरएनएचे दोन धागे, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज, सगळं जागच्या जागी असतं. तिला पैकीच्या पैकी गुण मिळतात. तीच मुलगी पुढे वॉर्डात ड्यूटीला लागते आणि पॉझिटिव्ह बाईचं बीपी घ्यायला दोन-दोन हातमोजे चढवते. शेजारच्या खाटेवरच्या बाईची कसलीच तपासणी झालेली नसते. तिचं रक्त मात्र ती उघड्या हातांनी काढते. कोणी हटकलं तर म्हणते, "मॅडम, ह्या निगेटिव्ह आहेत ना!"

हे चित्र मी इतक्या वॉर्डांत आणि इतक्या वर्षांत पाहिलं आहे की त्याचा दोष एकट्या मुलीला द्यायला मी तयार नाही. ती भित्री नाही आणि निर्दयही नाही. प्रतिकारशक्तीचा धडा तिने एका वहीत लिहिला, संसर्ग नियंत्रणाचा दुसऱ्या वहीत, आणि त्या दोन वह्या एकत्र उघडून खाटेशेजारी तिच्यासोबत कोणी उभं राहिलं नाही. हे काम आपलं आहे, म्हणून पत्र आपल्याला लिहिते आहे.

आधी त्या "निगेटिव्ह"बद्दल. विषाणू शरीरात शिरला की शरीर त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार करतं. त्याला काही आठवडे लागतात. आपल्याकडच्या बहुतेक झटपट चाचण्या या अँटीबॉडीच शोधतात. म्हणजे नुकताच संसर्ग झालेल्या माणसाचा रिपोर्ट निगेटिव्ह येतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत त्याच्या रक्तात विषाणू भरमसाट असतो. उलट, वर्षानुवर्षं नियमित गोळ्या घेणारी बाई पॉझिटिव्ह असते, पण तिच्या रक्तातला विषाणू चाचणीत सापडणार नाही इतका कमी झालेला असतो. आपली मुलगी हातमोजे घालते ते दुसरीच्या वेळी, आणि काढून ठेवते ते पहिल्याच्या वेळी. यात तिचंच नुकसान आहे. रक्त आणि शरीरातल्या द्रवांशी संबंध येणार असेल तर हातमोजे, प्रत्येक रुग्णाला, प्रत्येक वेळी. बीपी, ताप, नाडी, कूस बदलणं, खांद्यावर हात ठेवणं यांना हातमोजे लागत नाहीत, लागतात ते धुतलेले हात. घाम, अश्रू, थुंकी, लघवी यांत रक्त दिसत नसेल तर त्यांतून एचआयव्ही पसरत नाही. हा नियम पहिल्या वर्षात एकदा सांगून संपत नाही. तो रोजच्या राउंडला हातांत दिसायला हवा.

रिपोर्ट कशासाठी असतो, हे मुलींना ठणकावून सांगा. स्वतःला कसं वाचवायचं हे रिपोर्टवरून ठरत नाही. समोरच्या माणसाची काळजी कशी घ्यायची, एवढंच त्यावरून ठरतं. माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे. पुढचं लिहिते आहे ते एवढ्यासाठी की हे वाक्य आपल्याला तोंडपाठ असूनही आपल्या वॉर्डांत ते पाळलं जात नाही.

एका प्रसूतिकक्षात मी पाहिलेली गोष्ट सांगते. रुग्णालयाचं नाव सांगत नाही, कारण अशी रुग्णालयं एकापेक्षा अधिक आहेत. कळा सुरू झालेली एक बाई कोपऱ्यातल्या टेबलावर होती. तिच्या केसपेपरवर लाल शाईने ठळक अक्षरांत लिहिलेलं, पलंगाला बायोहॅझर्डचं स्टिकर, आणि हँडओव्हर देताना सिस्टर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "चार नंबर आरव्हीडी आहे, सांभाळून." आरव्हीडी म्हणजे एचआयव्ही, हे मावशींना पक्कं ठाऊक होतं. बाहेर बाकड्यावर बसलेल्या सासूलाही तासाभरात कळलं. त्या बाईच्या गर्भाशयाचं तोंड किती उघडलं आहे हे पाहायला मात्र बराच वेळ कोणी गेलं नाही. शेवटी एक विद्यार्थिनी गेली, एप्रन आणि चष्मा लावून. तिने त्या बाईचा हात धरला आणि श्वास कसा घ्यायचा ते सांगत राहिली. प्रसूती नीट झाली. त्या विद्यार्थिनीने काही धाडस केलं असं मला वाटत नाही. शिकवलं होतं तेवढंच तिने केलं.

लाल शाई आणि स्टिकर हा नुसता असभ्यपणा नाही, तो कायद्याचा भंग आहे. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, रुग्णाची माहिती उघड करता येत नाही, उपचार नाकारता येत नाहीत की वेगळी वागणूक देता येत नाही. याच कायद्यात आपल्या मुलींच्याही हक्काचं कलम आहे, आणि ते मात्र कोणी वाचून दाखवत नाही. जिथे कर्मचाऱ्यांना संसर्गाचा धोका आहे तिथे सुरक्षिततेची साधनं, ती वापरायचं प्रशिक्षण आणि सुई टोचल्यानंतरचं औषध देणं ही संस्थेची जबाबदारी आहे. रुग्णाचा हक्क आणि नर्सचा हक्क एकाच कायद्यात आहेत. मग वर्गातही ते एकाच तासाला शिकवायला काय हरकत आहे?

सुई टोचण्याबद्दल मुलींच्या मनात जी भीती आहे ती आकड्यांनी कमी होते, धीराच्या शब्दांनी नाही. एचआयव्हीबाधित रक्त असलेली सुई टोचली तर संसर्गाची शक्यता हजारात तीन. डोळ्यात किंवा तोंडात रक्त उडालं तर हजारात एकाहूनही कमी. हेपटायटिस बीची लस न घेतलेल्या मुलीला तो आजार असलेल्या रुग्णाची सुई टोचली तर हीच शक्यता शंभरात सहापासून तीसपर्यंत जाते. एचआयव्हीच्या नावाने रात्रभर झोप उडालेल्या कितीतरी मुलींनी हेपटायटिस बीचे तीन डोस पूर्ण केलेले नसतात. ही लस पहिल्या वर्षीच, वॉर्डात पाऊल ठेवण्याआधी झाली पाहिजे, आणि नंतर रक्तात पुरेशा अँटीबॉडी तयार झाल्या का तेही तपासलं पाहिजे. आधी हे करा, मग बाकीचं बोलू.

आणि सुई टोचलीच तर? बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही, स्पिरिट किंवा ब्लीच ओतायचं नाही. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायचं आणि लगेच सांगायचं. औषधाचा पहिला डोस शक्यतो दोन तासांत, आणि ७२ तासांच्या पुढे नाहीच. टेनोफोविर, लॅमिवुडिन आणि डोल्युटेग्राविर एकत्र असलेली एक गोळी रोज, २८ दिवस. रुग्णाच्या चाचणीचा निकाल यायचा आहे म्हणून पहिला डोस थांबवायचा नसतो.

हे सगळं भिंतीवरच्या तक्त्यावर असतं. प्रत्यक्षात काय होतं तेही ऐका. नाइट ड्यूटीला एका मुलीला कॅन्युला काढताना सुई टोचली. कॅज्युअल्टीत विचारलं तर औषधं स्टोअरमध्ये आहेत म्हणाले. स्टोअरची किल्ली इनचार्ज सिस्टरांकडे, आणि त्या घरी. मुलगी सकाळपर्यंत जिन्यात बसून राहिली. सकाळीही लेखी अर्ज मागितला गेला. पुढे तिला संसर्ग झाला नाही, पण त्या रात्रीनंतर तिने दोन हातमोजे घालायला सुरुवात केली, आणि त्या दिवशी तिला "असं करू नकोस" म्हणायला माझ्या तोंडात शब्द नव्हते. मेट्रनबाई, कुलपात असलेलं औषध हे वॉर्डातल्या भेदभावाचं एक मोठं कारण आहे. आपल्यामागे कोणी उभं नाही हे ज्या मुलीला पक्कं कळलं, ती रुग्णापासून लांबच राहणार.

आता प्रतिकारशक्तीच्या धड्याकडे येते. मला तो सगळ्यात आवडतो, आणि तोच सगळ्यात कोरडा शिकवला जातो.

ऊसतोडीच्या टोळीत मुकादम स्वतः कोयता चालवत नाही, पण तो नसेल तर टोळी फडात उतरतच नाही. शरीरातल्या सीडी४ पेशींचं असंच आहे. त्या स्वतः जंतू मारत नाहीत. बी पेशींना अँटीबॉडी बनवायला लावणं, मारेकरी टी पेशींना कामाला लावणं, जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेजना चेतवणं, हे त्यांचं काम. एचआयव्ही नेमका त्यांनाच धरतो. आपला आरएनए तो डीएनएत बदलतो, पेशीच्या जनुकांत मिसळवतो आणि तिच्याचकडून स्वतःच्या प्रती काढून घेतो. निरोगी माणसात एका घन मिलिमीटर रक्तात साधारण ५०० ते १५०० सीडी४ पेशी असतात. उपचार न घेतल्यास त्या वर्षानुवर्षं घटत जातात, आणि २०० च्या खाली गेल्या की त्या अवस्थेला एड्स म्हणतात. जनुकांत मिसळलेला विषाणू निपचित पेशींत दडून राहतो, म्हणून गोळ्या थांबवल्या की तो परत डोकं काढतो. औषध जन्मभर का, या रुग्णाच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. आपल्या मुलीला ते स्वतःच्या शब्दांत, जत किंवा जव्हारच्या माणसाला समजेल असं सांगता आलं पाहिजे. परीक्षेत आकृतीऐवजी हा प्रश्न विचारा.

या धड्याचा खरा उपयोग खाटेशेजारी होतो. सूज, पू, ताप ही प्रतिकारशक्तीच्या कामाची लक्षणं आहेत. प्रतिकारशक्तीच खचली असेल तर ही लक्षणंही मंदावतात. सीडी४ फार कमी असलेल्या रुग्णाला क्षयरोग असूनही थुंकीत जंतू अनेकदा सापडत नाहीत, छातीचा एक्स-रे जवळजवळ स्वच्छ दिसू शकतो. मेंदूच्या आवरणाला क्रिप्टोकॉकसचा संसर्ग झाला तरी अनेकदा मान आखडत नाही. आठ-दहा दिवस डोकं दुखतं, मळमळतं, माणूस जरा चिडचिडा होतो, एवढंच. डॉक्टर राउंडला पाच मिनिटं येतात, नर्स आठ तास असते. "काल ते मला नावाने हाक मारत होते, आज नुसतं बघतात" हे वाक्य नर्सच बोलू शकते, आणि त्या एका वाक्यावर जीव वाचू शकतो. खोकला, ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम ही क्षयरोगाची चार लक्षणं प्रत्येक भेटीत विचारायची असतात ती यासाठी. रजिस्टरमध्ये चारही रकान्यांत "नाही" असं एका फटक्यात लिहिणारी नर्स मी पाहिली आहे. रुग्ण तिच्यासमोर खोकत होता.

तोंडाची काळजी हा आपल्या धंद्यातला सगळ्यात साधा धडा, आणि बुरशीने तोंड आलेल्या माणसाला त्याच्याइतका आराम दुसऱ्या कशानेच मिळत नाही. जिभेवर, टाळूवर पांढरे थर येतात, खरवडले तर खाली लाल दुखरं. तिखट सोसत नाही, भाकरी गिळवत नाही, मग माणूस खाणंच सोडतो आणि नातेवाईक म्हणतात, "रोगाने खाल्ला." मऊ ब्रश किंवा बोटाला गुंडाळलेला गॉज, मिठाचं कोमट पाणी, सांगितलेलं माउथ पेंट वेळच्या वेळी, आणि दहीभात, केळं, पातळ मुगाची खिचडी. दोन-तीन दिवसांत माणूस जेवायला लागतो. घास घशातही अडकतो का, हे मात्र विचारायलाच हवं. अन्ननलिकेपर्यंत बुरशी उतरली असेल तर तोंडाला लावायच्या औषधाने भागत नाही, पोटातून औषध द्यावं लागतं.

आणि पॉझिटिव्ह रुग्णाला "वेगळा पलंग" म्हणून आपण नेतो कुठे? बहुतेक ठिकाणी वॉर्डाच्या टोकाला, क्षयरोगाच्या रुग्णांच्या जवळ, नाहीतर संडासाशेजारी. जरा विचार करा. ज्याची प्रतिकारशक्ती खचली आहे त्यालाच आपण हवेतून पसरणाऱ्या रोगापाशी नेऊन ठेवतो, आणि का, तर त्याच्यापासून इतरांना धोका म्हणून. धोका उलट दिशेने आहे. सर्दी झालेली सिस्टर, हात न धुता एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जाणारे आपण, खिडक्या बंद असलेला वॉर्ड, यांपासून त्याला जपायचं आहे.

आता गोळ्यांबद्दल. भारतात १ एप्रिल २००४ पासून एआरटी मोफत मिळते, आणि २०१७ पासून सीडी४ कितीही असो, निदान झालेल्या प्रत्येकाला ती सुरू करायची असं धोरण आहे. धोरण पुरेसं आहे, गोळी पोटात जाण्यासाठी लागणारं बोलणं पुरेसं नाही. गरोदर बाईला आपणच लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या देतो. उपाशीपोटी त्या डोल्युटेग्राविरसोबत घेतल्या तर डोल्युटेग्राविर नीट शोषलं जात नाही. एकतर सगळं जेवणासोबत घ्यायचं, नाहीतर डोल्युटेग्राविर दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. क्षयरोगासाठी रिफाम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्राविरचा आणखी एक डोस बारा तासांनी लागतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं: गोळ्या सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत काही रुग्णांची तब्येत बिघडते, ताप येतो, गाठी सुजतात. प्रतिकारशक्ती सावरते, आधीच दडलेला जंतू तिला दिसू लागतो आणि ती त्याच्यावर तुटून पडते. याची कल्पना आधी दिली नाही तर घरचे म्हणतात गोळ्या बाधल्या, आणि माणूस गोळ्या टाकून देतो. "त्रास झाला तर गोळी न सोडता इथे या" हे वाक्य पहिल्या दिवशी, पहिल्या स्ट्रिपसोबत गेलं पाहिजे.

बाळांचं सांगायचं राहिलं. उपचार नसतील तर आईकडून बाळाला संसर्ग होण्याची शक्यता १०० पैकी १५ ते ४५. आई गोळ्या नियमित घेत असेल आणि बाळाला नेविरापिन वेळेवर मिळालं तर ती ५ च्याही खाली येते. बाळाच्या रक्तात आईच्या अँटीबॉडी १८ महिन्यांपर्यंत राहू शकतात, त्यामुळे साधी चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून बाळाला संसर्ग झाला असं ठरत नाही. त्यासाठी सहाव्या आठवड्यात टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेऊन विषाणूच शोधावा लागतो. हे न समजलेल्या एका आजीने नातू "गेलाच" असं धरून चालल्याचं मला ठाऊक आहे. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, किंवा ते शक्यच नसेल तर फक्त वरचं. दोन्हीची सरमिसळ बाळाला जास्त धोक्याची. घुटी, मध, साखरेचं पाणी यांविषयी सासूशी कसं बोलायचं हेही प्रात्यक्षिकातच शिकवावं लागेल.

भीतीपोटी आपण कुठवर जाऊ शकतो हे आपल्या शेजारीच घडलं आहे. १९८९ मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसूझा हा नियमित रक्तदान करणारा तरुण पॉझिटिव्ह निघाला. पोलिसांनी त्याला उचललं आणि म्हापशात, वापरात नसलेल्या क्षयरोग रुग्णालयात, पहाऱ्यात ६४ दिवस ठेवलं. गोव्याच्या आरोग्य कायद्यात तशी तरतूदच केलेली होती. त्याच्या आईने उच्च न्यायालयात धाव घेतली. बाहेर आल्यावर त्याने बाधितांसाठी काम उभं केलं आणि १९९२ मध्ये तो गेला. डॉमिनिकला उचललं त्याच्या सहा वर्षं आधी, जुलै १९८३ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या जनरल हॉस्पिटलात क्लिफ मॉरिसन या ब्रदरने एड्सच्या रुग्णांसाठी वॉर्ड ५बी सुरू केला. विषाणूचा शोधही तेव्हा नुकताच लागत होता, औषध नव्हतं. तिथल्या नर्सेस स्वतःहून आल्या होत्या, आणि रुग्णाजवळ बसायचं, त्याला स्पर्श करायचा, हीच त्यांची रीत होती. आपल्याकडे आज औषध आहे, कायदा आहे, आकडे आहेत, आणि देशातल्या सर्वांत जास्त एचआयव्हीबाधितांचं हे राज्य आहे.

म्हणून काही मागण्या आहेत, आणि त्या आपल्या अधिकारातल्या आहेत. शासनाच्या परिपत्रकाची वाट पाहावी लागणार नाही. मेट्रनबाई, केसपेपरवरची लाल शाई, स्टिकर आणि हँडओव्हरमधले परवलीचे शब्द आपल्या एका तोंडी आदेशाने उद्या बंद होतील. सुई टोचल्यानंतरच्या औषधाचा पहिला डोस कॅज्युअल्टीत, कुलपाबाहेर, चोवीस तास ठेवा, आणि नव्या मुलीला ड्यूटीच्या पहिल्या दिवशी तिथे नेऊन तो डबा हातात देऊन दाखवा. सुईला परत टोपण लावायची सवय जाईपर्यंत हब कटर आणि पांढरा डबा ट्रॉलीवरच असू द्या. डबा वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला असेल तर टोपण लावलंच जातं.

प्राचार्यांना विनंती अशी की प्रत्येक विद्यार्थिनीची एक पोस्टिंग एआरटी केंद्रात होऊ द्या. नुसती सही घेऊन परत येण्यासाठी नाही. तिने समुपदेशकाच्या शेजारी बसावं, वजन घ्यावं, गोळ्या मोजाव्या आणि दहा-पंधरा वर्षं गोळ्या घेऊन मुलांची लग्नं लावलेल्या माणसांशी बोलावं. त्या माणसांना वर्गात बोलवा, त्यांना मानधन द्या. आणि प्रात्यक्षिक परीक्षेत तीन रुग्ण ठेवा, कोण पॉझिटिव्ह आहे हे सांगू नका, आणि मुलीचे हात पाहा. तिघांसाठी ते सारखे चालले तर तिला पास करा. तिने आधी केसपेपर उलटून पाहिला तर तिला प्रेमाने परत वॉर्डात पाठवा, आणि आपण तिच्यासोबत जा.

आपली,
एक निवृत्त परिचर्या अध्यापिका